भिंती सोडा, जमीन बांधा: आपियाच्या रीतीने स्पर्धेच्या नाटकाचं नेपथ्य

स्पर्धेचं नाटक ठरलं की नेपथ्याची चर्चा भिंतींपासून सुरू होते. किती फ्लॅट (चौकटीवर कापड ताणलेल्या खोट्या भिंती) लागतील, दरवाजा कुठे, खिडकीला पडदा लावायचा का. मग मांजरपाट, रंग, टेकू असं करत टेम्पोभर सामान जमतं आणि त्यातलं बरंचसं प्रयोगाच्या दिवशी अंधारात नुसतं उभं राहतं. सांगली, मिरज, साताऱ्याच्या हौशी संस्थांकडे माणसं असतात, पैसा बेताचा असतो, आणि रंगमंच हातात मिळतो तो प्रयोगाच्या आधी थोडा वेळ. अशा वेळी भिंती वगळून सगळा खर्च जमिनीवर, म्हणजे लेव्हल (वेगवेगळ्या उंचीचे लाकडी चौथरे) आणि पायऱ्यांवर, आणि कडेच्या उजेडावर केला तर फळ जास्त मिळतं. ही रीत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे आणि तिच्यामागे एका माणसाचं आयुष्यभराचं काम आहे.

अडॉल्फ आपिया १८६२ मध्ये जिनिव्हात जन्मला. शिकला संगीत. १८८२ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला, संगीतकार वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, त्याचा प्रयोग पाहिला आणि आपियाला एक विसंगती खटकली: गाणारा नट हाडामांसाचा, आणि त्याच्या मागे कापडावर रंगवलेलं जंगल. झाडाची सावली रंगाने काढलेली, नटाची सावली खरी, आणि दोन्ही दोन दिशांना पडलेल्या. आपल्याकडेही संगीत नाटकात जंगलाचा, रस्त्याचा, महालाचा पडदा होताच, त्यामुळे हा मुद्दा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नट पडद्याच्या जवळ गेला की डोंगर त्याच्या खांद्याएवढा होतो. आपियाने उपाय सुचवला तो असा: रंगवलेलं सगळं काढा, नटाच्या पायाखाली खऱ्या उंचीच्या जागा द्या, आणि त्याला घडवेल असा एका बाजूचा उजेड द्या. १८९५ आणि १८९९ मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने मांडलं. वाग्नरची पत्नी कोसिमा हिने त्याची चित्रं नाकारली. १९०६ मध्ये त्याची गाठ एमिल झाक दालक्रोझशी पडली. दालक्रोझ लय शरीराच्या हालचालीतून शिकवायचा. त्याच्यासाठी आपियाने १९०९-१० च्या सुमारास पायऱ्या, उतार आणि चौकोनी खांबांची चित्रं काढली, आणि ड्रेस्डेनजवळ हेलेराउच्या सभागृहात १९१२-१३ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. तिथे सुट्या, हलवता येणाऱ्या पायऱ्याच होत्या. आपण बांधायचं ते याच जातीचं.

आधी एक अट सांगून टाकू. ज्या नाटकात दार आपटणं, कडी लावणं, स्वयंपाकघरातून चहा येणं यावर प्रसंग उभा आहे, त्याला ही रीत लावू नका. तिथे दारच हवं. पौराणिक, ऐतिहासिक, स्वप्न आणि आठवणींतून जाणारी, एका खोलीत न बसणारी नाटकं, समूहाची हालचाल असलेल्या एकांकिका, यांना ती चपखल बसते.

मोजमाप

हॉलचं माप तोंडी घेऊ नका. 'बत्तीस फूट असेल' असं सांगितलेलं तोंड झालरी आणि पहिल्या विंगा धरून सव्वीसच भरतं. टेप घेऊन जा आणि सहा मापं लिहून आणा: पडद्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंच्या मास्किंगमधलं (कडा झाकणाऱ्या कापडांमधलं) अंतर, त्या रेषेपासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, झालरीची खालची कड किती उंच, दोन्ही विंगांत मोकळी जागा किती, सामान आत येणाऱ्या दाराची रुंदी, आणि प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून रंगमंचाची उंची. शेवटचं माप लोक हमखास विसरतात आणि तेच सगळ्यात महागात पडतं. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतो. रंगमंच साडेतीन फूट उंच असेल, तर पहिल्या रांगेला रंगमंचाची जमीन जवळजवळ एका रेषेसारखी दिसते. ६ इंचांची लेव्हल त्यांना फक्त पुढच्या पट्टीपुरती दिसणार, आणि २४ इंचांच्या लेव्हलवर मागच्या कडेला कोणी आडवं झालं तर ते दिसणारच नाही. म्हणून निजण्याबसण्याचे प्रसंग खालच्या लेव्हलवर किंवा वरच्या लेव्हलच्या अगदी पुढच्या कडेला घ्यायचे. हे दिग्दर्शकाला तालमीच्या पहिल्याच आठवड्यात सांगा.

पुढची सगळी मापं २४ फूट तोंड आणि १६ फूट खोली धरून दिली आहेत. सांगलीचं भावे नाट्यमंदिर असो, मिरजेचं बालगंधर्व असो की साताऱ्याचं शाहू कला मंदिर, एका आराखड्यावर तीन ठिकाणी प्रयोग करायचे तर सगळ्यांत लहान जागेचं माप पकडायचं. मोठ्या रंगमंचावर लहान मांडणीच्या कडेला काळोख सोडता येतो. उलट जमत नाही. ग्राउंड प्लॅन अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात काढा. ४ बाय ४ चे चौकोन पुठ्ठ्याचे कापून त्यावर सरकवत बसा, संगणकावर काढण्यापेक्षा हे लवकर होतं आणि दिग्दर्शकालाही हात लावता येतो.

मांडणी

आठ चौकोन आणि एक जिना, एवढंच भांडवल. सगळे चौकोन ४ बाय ४ फुटांचे. उंची ६ इंचांच्या पटीत: चार चौकोन ६ इंचांचे, दोन १२ इंचांचे, दोन २४ इंचांचे. जिना ४ फूट रुंद, तीन पायऱ्यांचा, ६, १२ आणि १८ इंचांवर पाय, म्हणजे पाऊल ठेवायची फळी. चौथं पाऊल २४ च्या लेव्हलवर.

मागे, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, २४ चे दोन चौकोन शेजारी शेजारी. त्यांना लागून डावीकडे १२ चे दोन. १२ च्या पुढे ६ चे दोन. २४ च्या डाव्या चौकोनासमोर जिना, तो थेट रंगमंचाच्या जमिनीवर उतरतो. उरलेले ६ चे दोन पुढे उजव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून सुटे. मध्यभाग मोकळा राहतो. मागच्या रांगेच्या पाठीमागे सायक्लोरामापर्यंत (रंगमंचाच्या मागच्या मोठ्या सपाट कापडापर्यंत) ४ फूट सोडायचे, त्याचं कारण पुढे येईल.

जिना मध्यरेषेवर ठेवून दोन्ही बाजूंना सारख्या लेव्हल लावायचा मोह आवरा. ते बक्षीस समारंभाच्या व्यासपीठासारखं दिसतं, आणि मधे उभ्या राहिलेल्या कोणत्याही पात्राला आपोआप अध्यक्ष करतं. १२ आणि २४ यांच्या मधेही मुद्दाम पायरी देऊ नका. तिथे एक फुटाचा उभा कडा राहू द्या. १२ वरच्या माणसाला २४ वरच्या माणसापर्यंत जायचं असेल तर त्याला ६ वर उतरून, जमिनीवर येऊन, जिना चढूनच जावं लागेल. बाप-लेक, राजा-प्रजा, जिवंत-मेलेला असं जे काही अंतर नाटकात आहे ते या सात-आठ पावलांत दिसतं, संवाद वाढवावा लागत नाही. आपियाला पायरीचं महत्त्व याच कारणासाठी वाटायचं: पायरी नटाच्या शरीराला विरोध करते, आणि विरोध असला की हालचालीला वजन येतं.

६ इंच चढ आणि १२ इंच पाय हे प्रमाण नऊवारी, धोतर आणि तलवार या तिन्हीसाठी चालतं. ७ इंच चढ घेतला तर सामान कमी लागतं, पण नऊवारी नेसलेल्या नटीला खाली न पाहता उतरता येत नाही. आणि जिन्यावरून खाली बघत उतरणारी राणी राणी वाटत नाही.

प्लाय आणि कापणी

१८ मिलिमीटरचा ८ बाय ४ चा प्लाय, आठ शीट. एकाच वखारीतून, एकाच लॉटमधला घ्या. १८ म्हणून घेतलेला प्लाय १७ भरला आणि पुढचा १८, तर शेजारच्या दोन चौकोनांच्या सांध्यावर ठेच लागते. १८ मिलिमीटर प्लायचं वजन चौरस फुटाला साधारण १ किलो धरा. म्हणजे ६ इंचांचा एक चौकोन २५ किलोच्या आसपास जातो आणि दोन माणसं तो विनासायास नेतात. हाच ८ बाय ४ चा केला तर चार माणसं लागतात आणि तो विंगेत वळत नाही.

चार शीट मधोमध कापल्या की आठ माथे, म्हणजे चौकोनांच्या वरच्या फळ्या, तयार. करवतीच्या पात्याची जाडी जाते, तेव्हा एक तुकडा पूर्ण ४८ इंच आणि दुसरा पाव इंच कमी असं होऊ देऊ नका. आठही तुकडे सगळ्यांत लहान तुकड्याच्या मापाने एकसारखे करा, आणि सांगाड्याच्या पट्ट्याही त्याच मापाला जुळवा.

६ इंचांच्या चौकोनाचा सांगाडा ५¼ इंच रुंद पट्ट्यांचा, कारण वर पाऊण इंच प्लाय बसणार आहे. एका चौकोनाला पाच पट्ट्या: दोन ४८ इंचांच्या बाहेरून, तीन ४६½ इंचांच्या त्यांच्या मधे, त्यातली एक बरोबर मध्यावर. एका शीटमधून अशा १६ पट्ट्या निघतात. चार चौकोनांना २० हव्यात. १२ इंचांच्या चौकोनाला ११¼ इंचांच्या पट्ट्या. एका शीटमधून ८, लागतात १०. २४ चा सांगाडा फक्त ३ इंचांच्या पट्ट्यांचा, दहा पट्ट्या, कारण तिथे उंची पाय देतात. ६ ला एक शीट, १२ ला एक शीट, आणि दोन्हींच्या उरलेल्या पट्ट्या अधिक ३ इंचांच्या सगळ्या पट्ट्या मिळून तिसरी शीट. या तिसऱ्या शीटमध्ये दहाएक इंच रुंदीची पट्टी शिल्लक राहते, ती फेकू नका, पाचरींना लागते.

आठवी शीट जिन्याची, आणि ती जेमतेम पुरते. आडव्या बाजूने आधी ४८ बाय १२ चे तीन पाय आणि ४८ बाय ५¼ चे तीन उभे तुकडे काढून घ्या. उरलेल्या तुकड्यात जिन्याच्या बाजू तीन: दोन एकमेकींत उलट्या गुंतवून, तिसरी शेजारी. आता इथे बहुतेक जिने चुकतात. बाजूचे टप्पे ६, १२, १८ असे कापायचे नाहीत. ५¼, ११¼, १७¼ असे कापायचे, कारण प्रत्येक टप्प्यावर पाऊण इंचाचा पाय बसतो. ६-१२-१८ कापलं तर पहिली पायरी पावणेसात इंचांची होते आणि शेवटचं पाऊल सव्वापाचचं. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत अंदाज बांधतो आणि पुढे तो न बघता पडतो. पाव इंचापेक्षा जास्त फरक झाला की माणूस अडखळतो. तालमीत जिन्यावर प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडखळत असेल तर नटांना बोलू नका, पायरी मोजा.

जोडणी

सांध्याला फेविकॉल आणि स्क्रू. खिळे नकोत. खिळा महिन्याभरात सैल होतो आणि नटाने वजन बदललं की कुरकुरतो, तेही नेमकं शांततेच्या जागी. प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर थर सुटून कड फाटते. दोन इंची स्क्रू, दर ६ इंचांवर एक, डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली. माथा बसवण्याआधी सांगाडा गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघा. गुण्या लहान असतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजा: ४८ बाय ४८ ला जवळपास ६७⅞ इंच यायला हवेत, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखे यायला हवेत. पाव इंच फरक असलेले तीन चौकोन ओळीत लावले की चौथ्याला फट पडते आणि त्या फटीत टाचेची चप्पल अडकते.

२४ च्या चौकोनांना २ बाय २ इंच लाकडाचे पाय, चौकोनाला चार, प्रत्येकी २३¼ इंच. पाय सांगाड्याच्या आतल्या कोपऱ्यात, माथ्याच्या प्लायला खालून टेकलेला हवा. तो टेकला नाही तर चार माणसांचं वजन बोल्टवर येतं आणि बोल्टचं भोक लांबट होत जातं. प्रत्येक पायाला १० मिलिमीटरचे दोन बोल्ट, वॉशर आणि विंग नट (हाताने फिरवायची पंखांची चाकी). त्यानंतर तिरक्या पट्ट्या. हे काम सगळ्यांना जादा वाटतं. चार पाय कितीही जाड घ्या, तिरकी पट्टी नसेल तर लेव्हल डुगडुगणारच, कारण वजन खाली जात असलं तरी नटाचं पाऊल ढकलतं आडवं. पुढे, मागे आणि दोन्ही कडांना एकेक तिरकी पट्टी, १ बाय २ ची चालते, सगळी मिळून २५ फूट लाकूड. मग चार जणांना वर उभं करून एकाच तालावर उड्या मारायला लावा. आवाज आला तर चालेल, हलली तर परत खोला.

चौकोन एकमेकांना जोडायला चारही बाजूंना बोल्टची भोकं पाडा, कोपऱ्यापासून १२ इंचांवर आणि माथ्यापासून २ इंच खाली. एका पट्टीवर साचा करा आणि सगळी भोकं त्याच साच्याने पाडा. मग एकाच उंचीचा कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाला लागतो. अंदाजाने भोकं पाडली की चौकोनांच्या 'जोड्या' ठरतात आणि काळोखात जोड्या शोधत बसावं लागतं.

पोकळ खोक्याचा आवाज हा या रीतीचा मोठा दोष. प्लायवर नुसता रंग देऊन नाचले की संवाद ऐकू येत नाहीत. माथ्यावर गोणपाट फेविकॉलने चिकटवा, त्यावर मांजरपाट ताणून कडा खाली वळवून स्टेपल करा. मांजरपाट आधी पाण्यातून काढून वाळवलेलं असावं. कोरं कापड रंगाच्या ओलीने आटतं आणि स्टेपल उपटतात. सांगाड्याच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोका. त्याने आवाजही दबतो आणि चौकोन सरकतही नाही. बऱ्याच हॉलमध्ये रंगमंचाला खिळा मारू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. जिथे सरकण्याची भीती असेल तिथे १० किलोची वाळूची पिशवी आतून ठेवा.

रंग

मधला करडा. पांढऱ्यावर उजेड उडतो आणि चेहरे त्यापुढे मळकट दिसतात. काळ्यावर पायऱ्या दिसत नाहीत, ना प्रेक्षकांना ना नटांना. ऑइल पेंट नको, चमकतो. नुसतं डिस्टेंपर कपड्यांना लागतं. किलोला १०० ग्रॅम फेविकॉल घालून कालवलं की धरून राहतं. दोन हात झाल्यावर ब्रशने दोन छटांचे शिंतोडे, एक मूळ रंगापेक्षा उजळ, एक गडद. सपाट करडा लांबून पत्र्यासारखा दिसतो, शिंतोड्यांनी तो दगड होतो, किंवा माती, किंवा उजेड सांगेल ते. त्यापुढे जाऊन दगडांच्या रेघा, भेगा, गवत काढायला घेऊ नका. आपियाची सगळी तक्रार त्याच रंगवलेल्या भेगेबद्दल होती. पायऱ्यांच्या पुढच्या कडेला मात्र अर्धी छटा उजळ, एक इंचाची पट्टी द्या. ती नटांसाठी आहे, प्रेक्षकांना कळतही नाही.

मागचं कापड

सायक्लोरामा २४ बाय १४ फुटांचा. बारीक पन्ह्याच्या कापडाचे उभे जोड पाठीमागून उजेड लागला की गजांसारखे दिसतात. इचलकरंजी किंवा विट्याकडे, यंत्रमागाच्या गावांत, चादरीच्या मोठ्या पन्ह्याचं कोरं सुती कापड मिळतं. ९० इंच पन्हा मिळाला तर आडवे दोन तुकडे आणि एकच जोड. २४ फुटांचे दोन म्हणजे १४.६ मीटर, आटणं आणि दुमड धरून १६ मीटर घ्या. जोड डोक्यांच्या उंचीवर येतो का ते बघा आणि येत असेल तर लहान तुकडा खाली घ्या. खालच्या दुमडीत अर्ध्या इंची पाइप सरकवला की सुरकुत्या जातात. इस्त्रीच्या भानगडीत पडू नका, आदल्या रात्री टांगून पाण्याचा फवारा मारला तर पुरे.

सुती कापड दिव्याजवळ येणार, तेव्हा ते पेट न घेणारं करून घ्या: १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ५०० ग्रॅम बोरिक अॅसिड, कापड भिजवून न पिळता वाळवायचं. कात्रणावर काडी लावून तपासा. कापड धुतलं की हे निघून जातं, परत करावं लागतं. सिंथेटिक कापडावर याचा उपयोग नाही.

मागे सोडलेले ४ फूट इथे कामाला येतात. सायक्लोरामाचे दिवे जमिनीवर, लेव्हलच्या पाठीमागे, कापडाकडे तोंड करून ठेवायचे. मागच्या रांगेची कमीत कमी उंची १२ इंच आहे, म्हणून १० इंचांपर्यंतचा दिवा पुढून दिसत नाही. अंतर दोनच फूट ठेवलं तर कापडावर उजेडाचे वेगवेगळे गोळे पडतात आणि कापडही तापतं. हेलेराउला तर आपिया आणि चित्रकार अलेक्झांडर फॉन झाल्झमान यांनी भिंती आणि छतच पातळ कापडाचं करून त्यामागे हजारो दिवे लावले होते. उजेड कुठून येतो ते कळायचंच नाही. आपल्याला एका बाजूच्या कापडावर समाधान मानायचं आहे.

कडेचा उजेड

आपियाने उजेडाचे दोन भाग केले होते. एक सगळीकडे पसरलेला, ज्याने नुसतं दिसतं. दुसरा एका दिशेने येणारा, ज्याने आकार घडतो. हौशी प्रयोगांत पहिलाच एवढा ओतलेला असतो की दुसऱ्याला जागाच उरत नाही. हॉलचे पुढचे दिवे पूर्ण लावले की वर बांधलेल्या सगळ्या पायऱ्या सपाट होतात आणि बांधणीचा खर्च वाया जातो. पुढचा उजेड ३० ते ४० टक्क्यांवर, डोळे दिसण्यापुरता. बाकीचं काम विंगेतल्या स्टँडवरून.

सहा दिवे स्वतःचे घेऊन जा, दोन्ही बाजूंना तीन तीन. हॉलचे दिवे उतरवून फिरवायला वेळ मिळत नाही. स्टँडवर उंची अशी: एक २ फुटांवर, एक ५ फुटांवर, एक ८ फुटांवर. खालचा दिवा जमिनीवरून सरपटत जातो आणि पायऱ्यांची प्रत्येक कड उचलून दाखवतो, मधला अंगाला, वरचा २४ च्या लेव्हलवरच्या माणसाच्या चेहऱ्याला, कारण तिथे डोकं साडेसात फुटांवर जातं. फक्त खालचा आणि मधला लावून लोक म्हणतात वरच्या लेव्हलवर तोंड दिसत नाही. एका बाजूला फिकट अंबर, दुसऱ्या बाजूला फिकट निळा, आणि दोन्ही सारख्या जोराने कधीच नाहीत. एक बाजू ७० वर असेल तर दुसरी २५ वर. एलईडी पार (डब्यासारखे झोताचे दिवे) असतील तर लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करू नका, त्यात कातडी जांभळट दिसते. वॉर्म व्हाइटचे दिवे मागा.

कडेच्या उजेडाची अडचण एकच, पण पक्की: एक नट दुसऱ्याच्या उजेडात उभा राहतो. म्हणून पात्रं एका आडव्या रेषेत उभी करायची नाहीत, पुढेमागे एक-दीड फूट सरकवायची. तालमीत खोलीच्या एका बाजूला एकच दिवा लावून नाटक चालवा, म्हणजे नटांना स्वतःलाच समजतं. समोरच्या विंगेवर पडणारा उजेड काळ्या कापडाने खा. स्टँडच्या बुडाशी वाळूची पिशवी आणि विंगेत येण्याजाण्याला ३ फूट वाट, या दोन गोष्टी मुकाट्याने करा.

विजेचा हिशोब: १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टला ४.३ अँपिअर ओढतो. १५ अँपिअरच्या एका प्लगवर तीनच. चौथा लावला तर तो ब्लॅकआउट नाटकात नसलेल्या ठिकाणी होतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर आतून तापते. तापलेल्या दिव्यापासून कापड किमान ३ फूट लांब.

तालीम, टेम्पो आणि प्रयोगाचा दिवस

६ चे चौकोन आणि जिना सगळ्यांत आधी बांधा आणि तालमीच्या खोलीत आणून टाका. खडूने आखलेल्या जमिनीवर तालीम केलेला नट प्रयोगाच्या दिवशी प्रत्येक पायरीशी नव्याने ओळख करून घेतो. उरलेल्या चौकोनांची जागा चिकटपट्टीने आखा. २४ च्या मागून वर यायला एक साधी पायरी लागते, ८ आणि १६ इंचांचे दोन मजबूत खोके पुरतात, पण ते विसरलं तर पात्र विंगेत अडकतं. मागच्या कडेला पांढरी पट्टी आणि एक मंद निळा दिवा ठेवा; लोक पडतात ते प्रेक्षकांच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला.

सगळं सामान एका छोट्या हत्तीत जातं. हौदा साधारण ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद धरा, पण ठरवण्याआधी मापून घ्या. चौकोन आडवे एकावर एक रचू नका. कडेवर उभे लावा. ६ चे चार म्हणजे २४ इंच, १२ चे दोन म्हणजे आणखी २४, २४ चे दोन पाय काढल्यावर ८ इंचांच्या आत. ५६ इंच झाले, उरलेल्या २८ मध्ये जिना उभा करून आणि दिव्यांची पेटी. माथ्याला माथा आणि सांगाड्याला सांगाडा लावा, म्हणजे रंग खरवडत नाही. बोल्टची पेटी चालकाच्या शेजारी, मागे नाही.

लावायचा क्रम ठरलेला असू द्या. खडूने मध्यरेषा आणि पडद्याची रेषा. मग सायक्लोरामा, कारण लेव्हल लागल्यावर त्याच्यापर्यंत शिडी जात नाही. मग २४, त्याला लागून १२, मग ६, शेवटी जिना. दोघे लेव्हल लावत असताना दोघे मागचे दिवे ठेवतात आणि दोघे स्टँड उभे करतात. सहा माणसं पुरतात, सातवा आणि आठवा मदतीला आला की वेळ वाढतो. तालमीच्या ठिकाणी घड्याळ लावून तीनदा उभं करा आणि उतरवा, ४० मिनिटांत बसलं पाहिजे. बोल्ट आधी सगळे सैल, पूर्ण मांडणी जागेवर आली की मग आवळायचे. आधीच आवळले तर शेवटच्या चौकोनाची भोकं जुळत नाहीत. जुन्या रंगमंचाला पुढे उतार असतो. डुलणाऱ्या पायाखाली पाचर सारा. मग एक माणूस बूट घालून प्रत्येक चौकोनावरून, प्रत्येक पायरीवरून चालतो. हे काम नटाचं नाही.

तुमच्या नेपथ्यात भिंतच नाही असं कोणी परीक्षक म्हणेलही. ही तक्रारही जुनी आहे. १९२३ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात संगीत-संचालक तोस्कानिनीबरोबर आपियाने वाग्नरचं संगीत नाटक केलं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना रंगमंच उघडाबोडका वाटला. पुढे १९२४-२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला त्याने वाग्नरच्या चार संगीत नाटकांची मालिका घेतली होती. विरोध एवढा झाला की दोनांवर थांबवावी लागली. १९२८ मध्ये तो गेला. १९५१ पासून वाग्नरच्या नातवाने, वीलांटने, त्याच बायरॉइटमध्ये रंगवलेले देखावे काढून टाकून रिकामी जागा आणि उजेड यांवर प्रयोग उभे केले.

प्रयोग झाल्यावर उतरवायचा क्रम उलटा, फक्त दिवे आधी बंद करून वीस मिनिटं निवू द्या. गरम दिवा हलवला की फिलामेंट तुटतं. प्रत्येक चौकोनाच्या आत रंगाने क्रमांक घाला आणि उतरवताना बोल्ट मोजून पेटीत टाका. ठेवताना चौकोन ओल्या जमिनीवर ठेवू नका, खाली विटा द्या. सांगलीच्या पावसाळ्यात प्लायची उघडी कड पाणी पिते आणि फुगते, म्हणून खालच्या कडांना प्रायमरचा एक हात आधीच मारलेला असावा. पुढच्या वर्षी नाटक बदलेल. त्याला हेच चौकोन, नव्या छटेचं डिस्टेंपर आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एक संध्याकाळ लागते.